गॅमा ९८ टक्के, तरी उपचाराचा दर्जा मोजायचा कसा?

फँटम४०२ (प्रश्न)

जिल्ह्याच्या ठिकाणचं कॅन्सरच्या रेडिएशनचं केंद्र. एक लिनॅक (बाहेरून बीम देणारं मशीन), ६ एमव्ही ऊर्जेचं, सीबीसीटीसह (उपचाराच्या टेबलावरच घेतलेला स्कॅन), एक इरिडियमचं एचडीआर (सोर्स शरीरात नेऊन आतून रेडिएशन देणारं), दोन फिजिसिस्ट. रोज ४०-४५ पेशंट. त्यांत तोंडाचे आणि गर्भाशयमुखाचे मिळून निम्म्याहून जास्त, त्याखालोखाल स्तनाचे. तोंडाच्या बहुतेक केसेस व्हीमॅटवर (मशीन पेशंटभोवती फिरतानाच बीमचा आकार बदलत देण्याची पद्धत) होतात.

व्यवस्थापनाला आता दर महिन्याला रेडिएशनच्या दर्जाचा एकपानी अहवाल हवा आहे. आजवर आम्ही पेशंट-स्पेसिफिक क्यूएचा (प्रत्येक प्लॅन उपचाराआधी मोजून बघण्याचा) गॅमा, म्हणजे गणलेला आणि मोजलेला डोस ठरलेल्या मर्यादेत जुळलेल्या बिंदूंची टक्केवारी, देत आलो: ३ टक्के/३ मि.मी., सरासरी ९८च्या पुढे, दोन वर्षांत एकही प्लॅन नापास नाही. आकडा बघून सगळे खूश होतात. पण पेशंटला मिळालेल्या उपचाराबद्दल त्यातून नेमकं काय कळतं, असं कोणी विचारलं तर सांगण्यासारखं फारसं नाही.

विचारायचं ते असं. गॅमाचे निकष बदलावेत का? दोन माणसांत निभावतील असे आणखी कोणते आकडे ठेवावेत? आणि सीबीसीटीच्या शिफ्टचा (स्कॅन बघून पेशंटला किती सरकवावं लागलं त्याचा) दोन वर्षांचा डेटा नुसता पडून आहे, त्याचा काही उपयोग होतो का?

---

मिलीग्रे

दोन वर्षांत एकही प्लॅन नापास झाला नसेल, तर प्लॅन चांगले आहेत असं लगेच समजू नका. चाळणीची भोकं मोठी असण्याची शक्यता जास्त.

३/३ सोडा. एएपीएम या अमेरिकेतल्या मेडिकल फिजिसिस्टच्या संघटनेच्या टास्क ग्रुप २१८ने २०१८मध्ये सुचवलेले निकष घ्या: ३ टक्के/२ मि.मी., १० टक्के थ्रेशोल्ड (त्याखालच्या डोसचे बिंदू वगळायचे), ग्लोबल नॉर्मलायझेशन (फरकाची टक्केवारी प्लॅनच्या मोठ्या डोसवर धरायची), आणि तुलना अ‍ॅब्सोल्युट डोसची. ९५ टक्के किंवा जास्त आलं तर ठीक, ९०च्या खाली गेलं तर थांबा आणि कारण शोधा. निकष बदलण्याआधी सॉफ्टवेअरच्या सेटिंग्ज मात्र एकदा उघडून बघा. तुलना ‘रिलेटिव्ह’वर असेल तर मोजलेला आणि गणलेला डोस आधी एका बिंदूवर जुळवला जातो, आणि आऊटपुटमधली (मशीन देत असलेल्या डोसमधली) ४ टक्क्यांची चूकही दिसेनाशी होते. अ‍ॅरे (डोस मोजणारी डिटेक्टरची पाटी) आपोआप सरकवून जुळवणी करणारा पर्याय चालू असेल तर २-३ मि.मी.ची चूक गिळली जाते. काही सॉफ्टवेअरमध्ये मोजणीची अनिश्चितता धरण्याची खूण असते. ती लावलेली असली की ३ टक्क्यांचे प्रत्यक्षात ४ होतात. सगळे बीम गँट्री (मशीनचा फिरणारा हात) शून्यावर ठेवून मोजत असाल तर गुरुत्वामुळे लीफ (बीमला आकार देणाऱ्या पट्ट्या) आणि गँट्रीत पडणारा फरक मोजणीत येतच नाही.

गॅमाच्या सरासरीपेक्षा साइटनुसार (शरीराच्या भागानुसार) आलेख ठेवा. तोंडाच्या प्लॅनचा गॅमा ९८वरून हळूहळू ९६वर आला तर प्रत्येक प्लॅन ‘पास’च असतो, पण काहीतरी सरकलेलं असतं. बहुतेक वेळा एमएलसी, म्हणजे त्या लीफचा संच. लीफमधल्या सरकत्या खिडकीची सरासरी रुंदी २ सें.मी. असेल तर गॅपमधल्या १ मि.मी. चुकीने डोस साधारण ५ टक्क्यांनी बदलतो. व्हीमॅटमध्ये खिडक्या याहून अरुंद, म्हणजे परिणाम आणखी मोठा. पिकेट फेन्स (लीफ ठरलेल्या जागी थांबतात का ते बघणारी चाचणी) त्यासाठीच करायचा, आणि मुद्दाम एका लीफला १ मि.मी.ची चूक घालून बघायची. आपल्या पद्धतीत ती दिसत नसेल तर ती चाचणी नुसतं फाइल भरायचं काम आहे.

आणि गॅमाला काय दिसत नाही ते व्यवस्थापनाला स्पष्ट सांगा. प्लॅन फँटमवर (पेशंटच्या जागी ठेवायच्या ठोकळ्यावर) पुन्हा गणला जातो, तोही त्याच टीपीएसमध्ये (प्लॅनिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये). त्यामुळे चुकलेला काँटूर (सीटीवर आखलेली ट्यूमरची आणि अवयवांची सीमा), चुकलेलं प्रिस्क्रिप्शन, चुकीचा सीटी डेन्सिटी टेबल (सीटीवरून घनता काढायचा तक्ता), यांतलं काहीही त्यात सापडत नाही.

आता आऊटपुट. एएपीएमच्याच टास्क ग्रुप १४२प्रमाणे फरकाची मर्यादा रोज ३ टक्के, महिन्याला २, वर्षातून एकदा १ टक्का. नव्या लिनॅकचा आऊटपुट पहिली काही वर्षं थोडाथोडा वर चढतो, तेव्हा ‘मर्यादेत आहे’ एवढंच न लिहिता आलेख काढा. पण रोजची तपासणी फक्त ‘कालच्यासारखंच आहे ना’ एवढं सांगते. मूळ कॅलिब्रेशनच चुकलं असेल तर चूक रोज इमानदारीने तशीच येते. इथे आपल्याकडे हमखास फसायची जागा म्हणजे हवेचा दाब, कारण डोस मोजणाऱ्या चेंबरच्या आकड्याला त्याची दुरुस्ती लागते. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर. खोलीतला खरा दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास असतो. हवामानाच्या वेबसाइटवर मात्र समुद्रसपाटीला आणून दिलेला दाब असतो, १०१च्या जवळ. तो आकडा सूत्रात घातला तर मोजलेला डोस सुमारे ६ टक्के कमी दिसतो, तो ‘दुरुस्त’ करायला आऊटपुट वाढवला जातो, आणि प्रत्येक पेशंटला ६ टक्के जादा मिळतात. बॅरोमीटर खोलीतच हवा, आणि तोही तपासून घेतलेला. तापमान फँटमच्या पाण्याचं घ्या, एसीच्या रिमोटवरचं नको. चेंबर पाण्यात ठेवल्यावर तापमान स्थिरावायला वेळ द्या.

म्हणून बाहेरच्या कोणाची तरी मोजणी वर्षातून एकदा हवीच. भाभा अणुसंशोधन केंद्राची टपालाने येणारी टीएलडी (मिळालेला डोस नोंदून ठेवणारा छोटा डिटेक्टर) त्यासाठी आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटनेची अशी टपाल योजना १९६९पासून चालू आहे, स्वीकारार्ह फरक ५ टक्के. पण ती तपासणी १०×१० सें.मी. फील्डची, संदर्भ स्थितीतली. ती पास झाली म्हणजे व्हीमॅट बरोबर, असा अर्थ काढू नका.

बाहेरची नजर का लागते त्याला इंग्लंडमधलं स्टोक-ऑन-ट्रेंटचं उदाहरण पुरे. १९८२ साली तिथे नवी प्लॅनिंग सिस्टिम आली. अंतराची दुरुस्ती ती आपणच करत होती, कर्मचारी पूर्वीच्या सवयीने हातानेही करत राहिले. १९९१पर्यंत हजारावर पेशंटना ५ ते ३० टक्के कमी डोस मिळाला. जास्त डोस झाला तर कातडी आणि तोंड बोलतं. कमी डोसची तक्रार कोणी करत नाही, उलट पेशंटला ‘त्रास कमी झाला’ म्हणून बरंच वाटतं.

---

रेडऑन्को_विदर्भ

मिलीग्रेंचं मशीनपुरतं सगळं बरोबर आहे, पण पेशंटच्या निकालावर सगळ्यांत मोठा फरक पडतो तो काँटूरमुळे आणि दिवसांमुळे. या दोन्हींचा तुमच्या पानावर आज एकही आकडा नाही.

२०१०मध्ये पीटर्स आणि सहकाऱ्यांनी डोके-मान कर्करोगाच्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीचे प्लॅन मागाहून तपासून निकाल छापले. ज्यांचे प्लॅन ट्यूमर कंट्रोल बिघडेल इतके सदोष होते त्यांच्यात दोन वर्षं जगलेले ५० टक्के, नियमाबरहुकूम प्लॅन असलेल्यांत ७०. कोणत्याही नव्या औषधाने मिळावा त्याहून मोठा हा फरक. त्या पेशंटच्या मशीनचा गॅमा काढला असता तर तो बहुधा व्यवस्थितच आला असता. चाचणीत कमी पेशंट घालणाऱ्या केंद्रांत असे प्लॅन कितीतरी जास्त होते, हेही लक्षात ठेवण्यासारखं.

म्हणून पहिला आकडा: पहिल्या फ्रॅक्शनआधी (डोसच्या पहिल्या हप्त्याआधी) दुसऱ्या डॉक्टरने काँटूर पाहिलेले पेशंट किती टक्के? सगळे जमणार नाहीत. डोके-मान आणि गर्भाशयमुख आधी घ्या. एकच डॉक्टर असेल तर दुसऱ्या केंद्राशी आठवड्यातून एकदा ऑनलाइन बसा. पाच फ्रॅक्शन झाल्यावर केलेल्या रिव्ह्यूचा उपयोग अर्धाच, कारण तोवर बदल सुचवायचा संकोच वाटू लागतो. रिव्ह्यूत ‘पाहिले’ असं न लिहिता ‘बदल नाही / किरकोळ बदल / मोठा बदल’ असं लिहा. मोठ्या बदलांचं प्रमाण कायम शून्य दिसलं तर रिव्ह्यू सहीपुरता चालला आहे.

आपल्याकडच्या गालाच्या आणि हिरडीच्या केसेसमध्ये काय निसटतं? शस्त्रक्रियेनंतरच्या सीटीवर फक्त फ्लॅप (त्या जागी लावलेलं दुसरीकडचं मांस) दिसतो, आणि शस्त्रक्रियेआधीचा स्कॅन न उघडताच सीटीव्ही (रेडिएशन द्यायचा भाग) काढला जातो. मग वरचा, इन्फ्राटेम्पोरल फोसाकडचा (गालाच्या हाडामागच्या पोकळीकडचा) भाग सुटतो. म्हणून आधीचा स्कॅन आणि पॅथॉलॉजी रिपोर्ट समोर होते का, हा प्रश्न रिव्ह्यूच्या फॉर्ममध्येच घाला.

डीव्हीएच (अवयवाच्या किती भागाला किती डोस याचा आलेख) बघताना एक सावधगिरी. स्पायनल कॉर्ड ४४ ग्रे (डोसचं एकक) दिसलं म्हणून समाधान मानण्याआधी कॉर्डचा काँटूर सगळ्या स्लाइसवर आहे का ते बघा. खाली चार स्लाइस सुटल्या असतील तर डीव्हीएच तेवढ्याच तुकड्याचा असतो. पीटीव्हीसाठी (सीटीव्हीभोवती मार्जिन धरून केलेल्या भागासाठी) एकटा डी-९५ (९५ टक्के भागाला किमान मिळणारा डोस) पुरत नाही, आयसीआरयू ८३ या आंतरराष्ट्रीय अहवालाप्रमाणे डी-९८ आणि डी-२ दोन्ही ठेवा. थंड (कमी डोसची) जागा कुठे आहे हे डीव्हीएच सांगत नाही, स्लाइस चाळाव्याच लागतात.

दुसरा आकडा दिवसांचा. ७० ग्रे, ३५ फ्रॅक्शन, सोमवारी सुरू केलं तर ४७व्या दिवशी संपायला हवं. डोके-मानेत लांबलेल्या प्रत्येक दिवसामागे लोकल कंट्रोल (त्या जागचा आजार काबूत राहण्याचं प्रमाण) सव्वा टक्क्याच्या आसपास घटतो. चौथ्या आठवड्यानंतर वाया गेलेला दिवस म्हणजे रोज ०.६ ते ०.८ ग्रे फुकट. दोन दिवसांहून जास्त लांबलेले पेशंट किती टक्के, हा तुमच्या पानावरचा सगळ्यांत महत्त्वाचा आकडा असेल. कारण सोबत लिहा: मशीन बंद, सणाची सुट्टी, योजनेची मंजुरी, पेशंट आला नाही, तोंड आलं. गणपती-दिवाळीच्या सुट्ट्या वर्षाच्या सुरुवातीलाच माहीत असतात. शनिवार घ्या, नाहीतर एका दिवशी दोन फ्रॅक्शन, मध्ये किमान ६ तास. शस्त्रक्रिया झालेल्यांच्या बाबतीत ऑपरेशनपासून पहिल्या फ्रॅक्शनपर्यंत ६ आठवडे गेले का तेही मोजा. तिथला उशीर बहुतेक वेळा रेडिएशन विभागाच्या बाहेर होतो, पण भोगतो पेशंटच.

गर्भाशयमुखात एकूण ५६ दिवसांची मर्यादा. साधा हिशेब करा: ४५ ग्रे/२५ फ्रॅक्शन सोमवारी सुरू झालं तर ३३व्या दिवशी संपतं. मग ७ ग्रेची चार एचडीआर, आठवड्याला एक, सहाव्या आठवड्यात सुरू केली तर दिवस ३६, ४३, ५० आणि ५७. म्हणजे एकही खाडा न होता मर्यादा मोडली. पाचव्या आठवड्यातच एचडीआरचं पहिलं अ‍ॅप्लिकेशन करा आणि त्या दिवशी बाहेरचं रेडिएशन देऊ नका. एकाच अ‍ॅप्लिकेशनवर दोन फ्रॅक्शन देणं हा दुसरा मार्ग. ब्रॅकीच (आतून द्यायचं रेडिएशनच) झाली नाही अशा पेशंटचं प्रमाण वेगळं काढा. तो आकडा कोणालाच आवडत नाही.

---

लॉगफाइल

मिलीग्रेंशी थोडा मतभेद. दोन फिजिसिस्ट असताना गॅमाची चाळणी बारीक करण्यात पहिली शक्ती घालवू नका. २०१२मध्ये अमेरिकेतल्या केंद्रांनी नोंदलेल्या चुकांवर एक अभ्यास झाला: कोणती तपासणी किती चुका पकडू शकते? फिजिक्सची चार्ट-तपासणी वर होती आणि उपचारापूर्वीची आयएमआरटी मोजणी (ज्यातून गॅमा निघतो ती) जवळपास तळाशी. प्लॅन तपासायला शांतपणे २० मिनिटं मिळाली तर अ‍ॅरेवर घालवलेल्या तासापेक्षा जास्त सापडतं.

त्या २० मिनिटांत काय बघायचं? प्रिस्क्रिप्शनच्या कागदावरचा डोस, टीपीएसमधला आणि आर अँड व्ही सिस्टिममधला (मशीनला प्लॅन देणाऱ्या आणि नोंद ठेवणाऱ्या), तिन्ही एकच आहेत का. मंजूर झालेला प्लॅन शेवटचाच आहे का, की जुनी आवृत्ती गेली. डावं-उजवं, बायोप्सी आणि नोटशी जुळवून. सीटीवरच्या बीबीपासून (कातडीवर लावलेल्या खुणेपासून) आयसोसेंटरपर्यंतच्या (बीमच्या केंद्रापर्यंतच्या) शिफ्टची दिशा आणि चिन्ह. काउच (उपचाराचं टेबल) गणनेत धरला आहे का. दातातल्या धातूमुळे आलेल्या रेघा आणि काँट्रास्ट यांना घनता दिली आहे का. डोस गणनेची ग्रिड २.५ मि.मी. की कोणी घाईत ५ ठेवली. पूर्वी रेडिएशन झालंय का. याचं उत्तर बऱ्याचदा जुन्या फाइलमध्ये नसतं, पेशंटच्या मुलाला विचारल्यावर मिळतं. स्वतंत्र एमयू (मशीनने द्यायच्या बीमचं एकक) गणना वेगळ्या सॉफ्टवेअरवर, फरक ५ टक्क्यांच्या वर गेला की कारण लेखी. आता स्तनाला ४० ग्रे/१५ किंवा थेट २६ ग्रे/५ दिलं जातं. पाचातलं एक फ्रॅक्शन चुकलं तर भरून काढायला जागाच राहत नाही, म्हणून अशा केसेसची तपासणी पहिल्या दिवसाआधी पूर्ण हवी.

माझं नाव बघून कोणी लॉग फाइल (उपचाराच्या वेळी मशीनने स्वतः लिहिलेली नोंद) सुचवेलच, म्हणून आधीच सांगतो: लॉगमध्ये लीफची जागा मशीनचेच एन्कोडर (जागा मोजणारे सेन्सर) सांगतात. एन्कोडरचं कॅलिब्रेशन सरकलं तर लॉग खोटं बोलतो आणि त्याला ते कळतही नाही. मोजणीची संख्या कमी करायला लॉग चालेल, महिन्याच्या पिकेट फेन्सला पर्याय म्हणून नाही.

एचडीआरबद्दल कोणी बोललं नाही. इरिडियमचं अर्धायुष्य ७४ दिवसांच्या जवळ, म्हणजे रोज साधारण १ टक्का घट. सोर्स बदलला की वेल चेंबरने (सोर्सची ताकद मोजणाऱ्या उपकरणाने) मोजा. प्रमाणपत्राशी ३ टक्क्यांहून जास्त फरक आला तर शोध घ्या, ५च्या पुढे उपचार नको. सिस्टिमची तारीख आणि वेळ बघा. पण प्रत्यक्षात जास्त चुका लांबीच्या होतात. ट्रान्स्फर ट्यूब (सोर्स पेशंटपर्यंत नेणारी नळी) चुकीची लावली किंवा अ‍ॅप्लिकेटरचं (शरीरात बसवलेल्या नळीचं) टोक टीपीएसमध्ये चुकीच्या जागी धरलं की सोर्स सेंटीमीटरने सरकतो, आणि डोस जायचा तिथे जात नाही. दर अ‍ॅप्लिकेशनला मोजपट्टीने लांबी तपासून आकडा लिहा. नुसती टिकमार्क नको.

---

फँटम४०२

सगळ्यांचे आभार. सेटिंग्ज बघितल्या, तुलना अ‍ॅब्सोल्युटवर होती, पण अ‍ॅरे आपोआप सरकवण्याचा पर्याय चालू निघाला. सीबीसीटीच्या डेटाबद्दल कोणी सांगेल का? आमचा पीटीव्ही मार्जिन डोके-मानेत ५ मि.मी. आहे. पहिले तीन दिवस सीबीसीटी आणि मग आठवड्यातून एकदा.

---

कन्सोलवरून

याच वेळापत्रकावर ५ मि.मी. पुरतात का, हे तुमचाच डेटा सांगेल. डोके-मानेचे शेवटचे २० पेशंट घ्या. दर पेशंटच्या दर सीबीसीटीची शिफ्ट, दुरुस्ती करण्याआधीची, तिन्ही दिशांना वेगवेगळी लिहा. आधीच्या सीबीसीटीवरून सेटअपची खूण हलवली असेल तर तेवढं परत मिळवून घ्या, नाहीतर आकडे उगीच चांगले दिसतील. प्रत्येक पेशंटची सरासरी आणि स्टँडर्ड डेव्हिएशन काढा. २० सरासऱ्यांचं स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणजे सिस्टिमॅटिक चूक, मोठा सिग्मा. २० स्टँडर्ड डेव्हिएशनच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ म्हणजे रँडम चूक, छोटा सिग्मा. व्हॅन हर्कच्या सूत्राप्रमाणे मार्जिन म्हणजे मोठा सिग्मा गुणिले २.५ अधिक छोटा सिग्मा गुणिले ०.७.

समजा मोठा २.२ आणि छोटा २.५ मि.मी. आला. ५.५ अधिक १.७५, म्हणजे सव्वासात. काहीच दुरुस्ती केली नाही तर ५चा मार्जिन अपुरा. पहिल्या तीन दिवसांची सरासरी काढून एकदाच खूण हलवली तर मोठा सिग्मा २.५ भागिले तीनचं वर्गमूळ, सुमारे १.४५ होतो, आणि मार्जिन साडेपाचच्या थोडा आत येतो. म्हणजे ५ची बाजू तेव्हाही काठावरच. त्यात काँटूर काढण्यातला फरक धरलेला नाही. तेव्हा एकतर रोज सीबीसीटी घ्या, नाहीतर मार्जिन ६ करा. ‘पहिले तीन दिवस’ करणारे बरेच जण तिसऱ्या दिवशी सरासरी न काढता फक्त त्या दिवसाची शिफ्ट लावतात. त्याने काहीच साधत नाही, तुमच्याकडे कसं होतं ते बघा.

सरासरी शून्याजवळ नसेल, म्हणजे सगळ्याच पेशंटना एकाच दिशेला २ मि.मी. शिफ्ट लागत असेल, तर दोष पेशंटचा नाही. सीटीच्या खोलीतला आणि लिनॅकच्या खोलीतला लेझर जुळत नाही, किंवा दोन्हीकडचा बेसप्लेट (मास्क बसवायची पाटी) वेगळा आहे.

मॅचिंगचा चौकोन (सीबीसीटी आणि प्लॅनचा सीटी जिथे जुळवायचे तो भाग) कुठे लावता तेही ठरवून ठेवा. पूर्ण मान घेतली तर कवटीच्या तळाशी जुळतं आणि खालच्या मानेत ४ मि.मी. राहतात, कारण मान वाकते आणि एकच शिफ्ट ती सरळ करू शकत नाही. खालचा जबडा चौकोनातून वगळा. छातीच्या मणक्यावर मॅच करताना एक मणका वर-खाली होणं अगदी सोपं आहे, सगळे सारखेच दिसतात. फील्ड मोठं घेऊन बरगडी किंवा कॅरिना (श्वासनलिका दुभागते ती जागा) दिसेल असं बघा.

आणखी दोन नोंदी ठेवल्या तर बऱ्याच गोष्टी कळतात. तोंडाच्या पेशंटचं वजन दर आठवड्याला, आणि सीबीसीटीत मास्क व कातडी यांतली फट. फट ५ मि.मी.च्या पुढे गेली की फिजिसिस्टला कळवा. डॉक्टर ठरवतील, नवा मास्क आणि नवा प्लॅन की चालू. किती पेशंटचा प्लॅन पुन्हा केला, आणि ठरल्यापासून किती दिवसांनी नवा प्लॅन मशीनवर आला, हे पानावर येऊ द्या. सहा दिवस लागत असतील तर तोवर कोर्सच संपत येतो. गर्भाशयमुखात हाडावर मॅच अगदी सुंदर जुळतं आणि गर्भाशय पीटीव्हीच्या बाहेर असतं, कारण मूत्राशय सीटीच्या वेळी भरलेलं होतं आणि आज रिकामं आहे. लघवी करून यायचं, ५०० मि.ली. पाणी प्यायचं, ४५ मिनिटं थांबायचं, हे सीटीच्या दिवशी जसं केलं तसंच रोज. उन्हाळ्यात पेशंट लांबून एसटीने येतात, अंगात पाणीच नसतं, तेव्हा ४५ मिनिटांत मूत्राशय भरत नाही. पुन्हा पाणी द्या आणि नंबर पुढे ढकला.

---

मिलीग्रे

कन्सोलवरून यांच्या हिशेबात एक गोष्ट जोडतो, नाहीतर त्या २० पेशंटचे आकडे चुकतील. सीबीसीटीचं केंद्र आणि बीमचं केंद्र एकच आहे असं त्यात गृहीत आहे. ते १.५ मि.मी.ने वेगळे असतील तर सीबीसीटी रोज इमानदारीने १.५ मि.मी. चूक पेशंटमध्ये घालते आणि शिफ्टच्या डेटात ती वेगळी ओळखता येत नाही. टास्क ग्रुप १४२ रोज २ मि.मी.पर्यंत चालवून घेतो, एसआरएस-एसबीआरटीला (मोजक्या फ्रॅक्शनमध्ये मोठा डोस देण्याच्या पद्धतींना) १. छोटा बॉल असलेला फँटम लेझरवर मुद्दाम थोडा बाजूला ठेवा, सीबीसीटीने शिफ्ट काढून काउच हलवा, मग चार गँट्री कोनांवर एमव्ही (उपचाराच्याच बीमने) प्रतिमा घेऊन बॉल फील्डच्या मध्यात येतो का बघा. सकाळच्या वॉर्मअपनंतर १० मिनिटांत होतं. सीबीसीटीचं पॅनेल काढून-घालून काही दुरुस्ती झाली असेल, तर त्या दिवशी पहिला पेशंट घेण्याआधी हे करा, आणि त्या तारखेच्या आधीचा व नंतरचा डेटा एकत्र मिसळू नका.